कुलपाआड राहिलेला बस्ता

मी एका वकीलबाईंचा काळा कोट बोलतोय. नाशिकच्या कोर्टाजवळ एका बोळात झेरॉक्सचं दुकान आहे, त्याच्या वरच्या खोलीत बाईंचं ऑफिस. तिथे दारामागच्या खिळ्यावर मी लटकलेला असतो. माझी कोपरं झिजून चकाकायला लागलीत, कॉलरला घामाची पांढरी रेघ आलीय आणि मधलं एक बटण बाकीच्यांपेक्षा तपकिरी आहे. काळा कोट दिसला की लोकांना न्याय आठवतो म्हणतात. आठवत असेल. मला मात्र शटरं आठवतात. एकामागून एक खाली ओढलेली, लाखेचे शिक्के मारलेली शटरं.

माझा जन्म मेन रोडवरच्या ‘कोठावदे वस्त्रभांडार’मध्ये झाला. म्हणजे कापडाचा तागा म्हणून मी तिथल्या फळीवर पडलो होतो. किशोरशेठ कोठावदे गादीवर बसायचे. मूळचे कळवणचे. त्या भागातली माणसं लग्नाचा बस्ता बांधायला नाशकात आली, की पहिली चप्पल शेठच्या पायरीवर काढायची. नवरीच्या शालूपासून मामाच्या टोपीपर्यंत अख्ख्या लग्नाचे कपडे एका बैठकीत निघायचे. चहा व्हायचा, रुसवे व्हायचे, एखादी आत्या तीन साड्या नाकारून चौथी मांडीवर घ्यायची. फळीवरून हे सगळं बघायला मजा यायची.

एके दिवशी एसटीतले एक कंडक्टर आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी ललिता देवरे, वकिलीची सनद नुकतीच हातात पडलेली.

“काळं कापड दाखवा,” कंडक्टर म्हणाले. “कोटाचं. पोरगी वकील झाली.”

“सकाळच्या पारी काळं कापड कोणी काढत नाही, भाऊ,” शेठ हसले. “पण पोर आपल्या कळवणची आहे. काढतो.”

त्यांनी मला फाडलं. बिलाच्या शेवटी ‘बाकी रु. १’ असं लिहिलं. कंडक्टरांनी लगेच खिशात हात घातला.

“राहू द्या हो. हिशेब पुरा केला की गिऱ्हाईक तुटतं. रुपया बाकी असला की माणूस परत येतो. आमच्या वडिलांपासूनची रीत आहे.”

दहीपुलाजवळ चंदर नावाचे शिंपी होते, त्यांनी मला शिवलं. आतून एक मोठा खिसा दिला. “बायकांच्या कपड्याला खिसा द्यायचं शिंप्याच्या जिवावर येतं,” ते म्हणाले, “पण वकिलाला खिसा लागतोच, ताई. भरो न भरो.”

खिसा फारसा भरला नाही. त्यात खोकल्याच्या गोळ्या, केसांच्या पिना आणि एसटीची तिकिटंच जास्त राहिली.

सुरुवातीला ताईंकडे पडेल ते काम यायचं. मग एक दिवस पुंजाराम आला. द्वारकेच्या चौकात त्याचं चपलांचं दुकान होतं. रस्त्याचं काम निघालं, दुकानापुढे पत्रे ठोकले गेले आणि ते पत्रे निघेपर्यंत गिऱ्हाईक मोबाईलवर चपला मागवायला शिकलं. देणेकरी दारात बसायचे. बुडालेल्या माणसाकडून फी कशी निघणार, म्हणून कुठलाही वकील त्याला उभा करत नव्हता. ताईंनी त्याचा नादारीचा अर्ज केला. नादारी म्हणजे काय, तर देणी फेडणं अशक्य झालेल्या माणसाने कोर्टाला तसं सांगायचं आणि असेल नसेल ते कोर्टाच्या हवाली करायचं. कोर्ट रिसीव्हर नेमतं, तो सगळ्याला कुलूप लावतो, माल विकून देणेकऱ्यांत वाटतो आणि माणूस मोकळा होतो. निदान कागदावर तरी.

पुंजाराम मोकळा झाला आणि ताईंच्या दारात रांग लागली. भांडीवाले, बांगडीवाले, मोबाईलवाले, खेळणीवाले. यातला एकही माणूस ‘दिवाळं’ हा शब्द उच्चारायचा नाही. “जरा अडचण आहे,” असं म्हणायचा. येताना इस्त्रीचा शर्ट घालून यायचा आणि खाली झेरॉक्सवाल्याला सांगायचा की भाडेकराराचं काम आहे. बायको बरोबर असेल तर ती बोलायची नाही. नवऱ्याच्या शर्टावरचा नसलेला धागा काढत बसायची.

कोर्टाच्या वकील कक्षात ताईंना ‘दिवाळेबाई’ म्हणायला लागले.

“काय दिवाळेबाई, आज कुणाचं शटर?” एकाने एकदा सगळ्यांपुढे विचारलं.

“तुमच्या मेव्हण्याचं,” ताई म्हणाल्या. “फोन नाही आला अजून?”

तो हसला. दुपारी खरोखरच फोन आला, तेव्हा बाहेर जाऊन बोलला.

पण नाव चिकटलं ते चिकटलंच. सकाळी भवानी व्हायच्या आत, म्हणजे दिवसाची पहिली विक्री होण्याआधी, ताई दुकानात शिरल्या तर काही दुकानदारांचा चेहरा उतरायचा. पंचवटीत एका भाजीवालीने तोंडावर सांगितलं, “ताई, तुम्ही संध्याकाळी येत जा बरं.” तेव्हापासून ताई संध्याकाळी जातात. उरलेली भाजी घेतात.

मला या गोष्टीचा राग येतो. मोठी कंपनी बुडाली तर पेपरात ‘पुनर्रचना’ असा छान शब्द येतो, मालक परदेशी जातात आणि बँका समंजस होतात. चौकातला चपलावाला बुडाला तर तो दिवाळखोर, आणि त्याला वाचवायला धावणारी बाई अपशकुनी! हा न्याय कोणत्या कापडाचा शिवलाय, ते चंदर शिंप्यालाही सांगता यायचं नाही.

एका एप्रिलमध्ये किशोरशेठ जिना चढून आले. उन्हाळ्यात जिल्हा कोर्टात कोटाची सक्ती नसते. बाकीचे वकील तेव्हा मोकळे फिरतात. ताई मात्र मला उन्हाळ्यातही घालतात, कारण कोट नसला की नवा पक्षकार त्यांनाच विचारतो, “बाई, वकील साहेब कुठे भेटतील?” त्या दिवशीही मी त्यांच्या अंगावर होतो. शेठ समोर बसले आणि बोलायच्या आधी त्यांनी हात पुढे करून माझी बाही चिमटीत धरली, कापड बोटांवर चोळून पाहिलं.

“माल चांगला दिला होता,” ते म्हणाले.

“अजून टिकलाय, शेठ.”

“तो टिकला. आम्ही नाही टिकलो.”

मुलाच्या, दिनेशच्या, हट्टाने त्यांनी दुकान काचेचं केलं होतं. खाली गादी होती तिथे सोफे आले. मालावर बँकेचं कर्ज उचललं. माणसं काचेतून आत बघायची आणि चप्पल कुठे काढायची ते न कळून पुढे जायची. दिनेशने पुण्यात नोकरी धरली. शेठ सोफ्यावर एकटे राहिले.

“सुरतेचे व्यापारी टेम्पो घेऊन निघालेत,” शेठ म्हणाले. “माल उचलून नेणार.”

“मग आजच रिसीव्हर मागू. टेम्पो लागला की पहिला येईल तो सगळं नेईल. तुमच्या दुकानातली माणसं, बाकीचे देणेकरी, सगळे कोरडे राहतील.”

“आत बस्ते आहेत, ताई. लोकांचे. शिवणाला थांबलेले.”

“ज्यांनी पैसे दिलेत त्यांचा माल त्यांचाच आहे. बिलं दाखवली की सुटतील.”

कायद्याने त्या बरोबर होत्या. कुलूप त्यांनीच मागितलं, युक्तिवाद करून मागितलं आणि दुपारपर्यंत मिळवलं. टेम्पो आले तेव्हा शटरवर लाख वाळत होती. शेठनी हात जोडले. ताईंनी रस्त्यावरच उसाचा रस मागवला. मला वाटलं, चला, एक तरी लढाई जिंकली.

चार दिवसांनी चतुराबाई आल्या. अभोण्याकडच्या एका गावात अंगणवाडीत मदतनीस. बरोबर मुलगी निकिता, हळदीला तीन आठवडे राहिलेली. बाप नव्हता. भिशी लावून, घरच्या कोंबड्या-शेळ्या विकून बाईंनी बस्ता बांधला होता. ब्लाउज आणि फॉल-पिको होईपर्यंत बस्ता दुकानातच ठेवतात, तसा तोही ठेवला होता. लाल कापडाचं गाठोडं, वर हळदीकुंकू आणि नावाची चिठ्ठी. ते आत होतं आणि बाहेर कुलूप.

“तूच का गं ती देवरे कंडक्टरची पोर?” चतुराबाई दारातूनच म्हणाल्या.

“हो, मावशी. बसा.”

“बसाया नाय आले. आमच्या कळवणची म्हणती आन् आमच्याच गाठोड्याला कुलूप लावती?”

“ते तुमच्यावर नाही लावलं. लोक माल लुटून नेत होते म्हणून—”

“मंग आता ज्याचं त्याला दे. आमी काय उधारीचं गिऱ्हाईक नाय.”

त्यांनी पिशवीतून बिल काढलं. ताईंनी ते वाचलं आणि शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. ‘बाकी रु. १.’

“ह्ये काय लिवलंय?” निकिताने विचारलं.

“रुपया राहिलाय, असं.”

“आई देत व्हती. शेठच म्हन्ले, ऱ्हाऊ द्या, लेकीच्या लग्नानंतर नातू घेऊन या.”

ताईंनी दुसऱ्याच दिवशी अर्ज टाकला. किशोरशेठनी शपथेवर लिहून दिलं की हा बस्ता माझा नाही, चतुराबाईंचा आहे. बँकेतर्फे ॲडव्होकेट दीपक पगार उभे होते. माणूस वाईट नाही, ताईंच्याच वर्गातला. पण बँकेचे वकील होते आणि मालावर बँकेचा बोजा होता.

“बिल पुरं झालेलं नाही,” ते म्हणाले. “व्यवहार अपुरा, म्हणजे माल दुकानाचाच. आणि हे एक गाठोडं नाहीये, साहेब. आत अशी कितीतरी आहेत, सगळ्यांच्या बिलावर रुपया बाकी. एक सोडलं की उद्या रांग लागेल.”

“ती दुकानाची रीत होती,” ताई म्हणाल्या. “अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे.”

“रीत पुराव्यात आणा.”

ताईंनी माझ्या आतल्या खिशात हात घातला. एक नाणं काढून समोरच्या टेबलावर ठेवलं. “हा रुपया. आत्ता घ्या आणि व्यवहार पुरा करा.”

कोर्टात हशा पिकला. दीपक पगारही हसले, मग गंभीर झाले. “नादारीचा अर्ज झाल्यावर दुकानाला रुपया घेता येत नाही, मॅडम. हे तुम्हीच मागच्या केसमध्ये आम्हाला शिकवलंत.”

ते खरं होतं. न्यायाधीशांनी कळवळून चतुराबाईंकडे पाहिलं. मग रिसीव्हरचं म्हणणं मागवलं, बँकेचं म्हणणं मागवलं आणि तारीख दिली. पुढे कोर्टाची उन्हाळी सुट्टी होती. तारीख सुट्टीनंतरची पडली. लग्न सुट्टीच्या मधोमध होतं.

“साहेब, लग्नाची तातडी आहे,” ताईंनी परत उठून सांगितलं.

“मॅडम, कपडे कुठे पळून जाणार आहेत?” दीपक पगार पुटपुटले.

कपडे पळून जात नाहीत, हे मी कपडा म्हणून कबूल करतो. मुहूर्त पळून जातो. पण कायद्यात तातडी कशाला म्हणतात, त्यात मुहूर्त बसत नाही. रस्ता अडवला तर तातडी. घर पाडायला आले तर तातडी. एका पोरीचा मानपान ही तातडी नाही.

संध्याकाळी ऑफिसात चौघंजण होते. ताई, शेठ, चतुराबाई, निकिता. शेठ खालच्या मानेने म्हणाले, “मागच्या बोळातल्या दाराला कोणी सील लावलं नाही. चावी माझ्याकडे आहे.”

“शेठ, हे वाक्य मी ऐकलेलं नाही,” ताई म्हणाल्या.

“फक्त एक गाठोडं. माझ्या हाताने बांधलेलं.”

“कोर्टाच्या ताब्यातला माल हलवला तर तुम्ही मोकळे होणार नाही. उलट तुमच्यावर गुन्हा होईल. तुमच्या दुकानातल्या माणसांना जे मिळायचंय ते लटकेल. ती चावी द्या इकडे. उद्या रिसीव्हरकडे जमा करते.”

शेठनी चावी टेबलावर ठेवली. चतुराबाई चावीकडे बघत राहिल्या.

“म्हंजी दार बी हाय,” त्या म्हणाल्या, “चावी बी हाय. गाठोडं माझं हाय, ह्ये तुमी समदे म्हन्ता. आन् तरी मला नाय?”

ताईंनी चावी उचलून माझ्या खिशात टाकली, तशा चतुराबाई त्यांच्याकडे वळल्या.

“तुला ठावं नाय, पोरी, मानपान काय असतो त्यो. नवऱ्याच्या आत्याला साडी नाय गेली, तर माझ्या लेकीला जल्मभर ऐकावं लागंल. शालूचं मी म्हनत नाय, शालू उसना भेटंल. पन मानाच्या साड्या उसन्या नाय देता येत.”

ताईंनी नव्या साड्या घेऊन देते म्हटलं. चतुराबाई उठल्या. “भीक नगं. माझं हाय त्ये द्या.”

लग्नाला ताई गेल्या. मी खिळ्यावर राहिलो. परत आल्यावर शेठना फोनवर सांगताना मी ऐकलं ते असं, की निकिता चुलत बहिणीचा शालू नेसली होती आणि छान दिसत होती. टोप्या-उपरणी गावच्या दुकानातून कशीबशी आणली होती. साड्यांची वेळ आली तेव्हा चतुराबाईंनी हात जोडून सांगितलं की गाठोडं कोर्टात अडकलंय, सुटलं की घरपोच देते. नवऱ्या मुलाची आत्या बायडाबाई ताडकन उठली. “कोर्टात अडकलं म्हनं! ऐका, सोयरे कोर्टकचेरीवाले निघाले!” जेवण न करता ती जीपमध्ये जाऊन बसली.

“मी मध्ये पडले,” ताई फोनवर म्हणाल्या. “वकील आहे म्हणून सांगितलं. तिथेच चुकलं. त्या म्हणाल्या, वकील घेऊन लग्नाला आलेत.”

तेव्हापासून निकिताला सासरी ‘कोर्टातली सून’ म्हणतात. भांडं पडलं तरी म्हणतात, मीठ कमी झालं तरी म्हणतात.

सुट्टी संपली. तारीख झाली, आणखी एक झाली. ताईंनी जुने गिऱ्हाईक साक्षीला आणले आणि स्वतःच्या वडिलांनी जपलेलं माझ्या कापडाचं बिलही लावलं. कोर्टाने मान्य केलं. बस्ता चतुराबाईंचा, तो त्यांना द्यावा. दीपक पगारांनी ताईंचं अभिनंदन केलं. ताई कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून राहिल्या. जिंकल्यावर असं बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

जुलैत शटर वर गेलं. आत कोंदट वास होता. रिसीव्हरनी गाठोडं काढून काउंटरवर ठेवलं. कुंकू कोरडं होऊन झडलं होतं. चतुराबाई एकट्या आल्या होत्या. निकिताला सासरहून सोडलं नव्हतं.

“तपासून घ्या, बाई,” रिसीव्हर म्हणाले.

चतुराबाईंनी गाठ सोडली. एकेक कपडा उचलून त्या ज्याचा त्याचा बोलायला लागल्या, जणू ती माणसं समोर बसली आहेत. “ह्यो मामाचा फेटा. हे व्याह्याचं धोतर. ही करवलीची.” एक जांभळी साडी हातात घेऊन त्या थांबल्या. “ही बायडाबाईची. चार नाकारल्या, मंग हिच्यावर हात ठेवला व्हता मी.” शालूची घडी त्यांनी मोडली नाही. त्याच्यावरून हात फिरवला आणि ठेवून दिला.

“सगळं आहे ना? मग इथे सही करा.” रिसीव्हरनी छापील पावती पुढे केली.

“काय लिवलंय?”

ताईंनी वाचून दाखवलं. “माल पूर्ण व सुस्थितीत मिळाला. माझी कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही.”

“पैलं खरं हाय,” चतुराबाई म्हणाल्या. “दुसरं खोटं हाय. दुसरं काढा.”

“छापील नमुना आहे. सगळे ह्याच्यावरच सही करतात.”

“मी समदी नाय.”

“ती ओळ मी खोडतो म्हटलं तर मला कोर्टाला विचारावं लागेल,” रिसीव्हर वैतागले. “मॅडम, तुम्ही समजावा. एवढं भांडून मिळवलंत, आता एका ओळीसाठी?”

ताईंनी आजवर किती माणसांकडून अशा ओळींवर सह्या करून घेतल्या, ते मी जवळून पाहिलंय. खांद्यावर हात ठेवून, हळू आवाजात सांगायच्या, करा सही, मोकळे व्हा. पुंजारामला असंच सांगितलं होतं. त्यांच्या हातात पेन होतं. त्यांचा हात उचलला गेला, मला बाहीतून जाणवलं. मग त्यांनी पेनला टोपण लावलं आणि ते माझ्या खिशात ठेवून दिलं.

“मला समजावता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “त्यांची तक्रार आहे. पहिली माझ्याविरुद्ध आहे.”

चतुराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. माया नव्हती त्या बघण्यात, पण पहिल्या दिवसाचा राग तेवढा उरला नव्हता. मग त्यांनी सगळे कपडे परत लावले, गाठ मारली, दातांनी आवळली आणि गाठोडं स्वतः उचलून फळीवर नेऊन ठेवलं.

“ऱ्हाऊ द्या हितंच,” त्या म्हणाल्या. “माझं खरं लिवाल तवा बोलवा.”

शटर खाली आलं. पुन्हा लाख वितळली, पुन्हा शिक्का बसला.

आता मी खिळ्यावरून तुमच्याशी बोलतोय. पावतीतली ओळ काढावी, असा अर्ज ताईंनी केलाय. त्याच्यावर बँकेचं म्हणणं यायचंय. माझं अस्तर उसवलंय, ते शिवायला ताईंना वेळ नाही. बाहेरच्या बाकावर इस्त्रीचा शर्ट घातलेला एक नवा माणूस बसलाय, बायको त्याच्या खांद्यावरचं काहीतरी झटकतेय. थोड्या वेळाने तो आत येईल आणि म्हणेल, जरा अडचण आहे.

मी कापड आहे. मला कुलूप फोडता येत नाही, तारीख अलीकडे ओढता येत नाही, कुणाच्या सासरी जाऊन चार शब्द सुनावता येत नाहीत. फक्त एक मागणं मागतो. आज ना उद्या तुमच्याही पुढे कोणी छापील कागद सरकवेल आणि बोट ठेवून सांगेल, इथे सही करा, सगळे करतात. तेव्हा घाई करू नका. आधी आपल्याला काय काय सोसावं लागलं ते नीट आठवा.

ताई उठल्या. मला अंगावर चढवतायत. तो माणूस आत येतोय.